नासीर नाही ना, मग झालं!

हल्ली मला तरुण मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात. ठाण्याला आमच्यासारख्या लोकांचा एक गट अधूनमधून जमतो. तिथे रुक्साना आणि मी वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून आम्हाला खुर्च्या मिळतात आणि बाकीचे खाली सतरंजीवर बसतात. मग केस बारीक कापलेली एखादी मुलगी डोळे मोठे करून विचारते, "काकू, तुम्ही घरी सांगितलंत तो क्षण कसा होता?" क्षण! हसावं की तिच्या पाठीत एक धपाटा घालावा, मला कळत नाही. तिच्या डोळ्यांसमोर चित्र असतं की मी सांगितलं असेल, आई कोसळली असेल, वडिलांनी हात उगारला असेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, बाई. माझं दुखणं वेगळं होतं. मी सांगत होते, स्वच्छ मराठीत सांगत होते, आणि ऐकून आमच्या घरातल्यांना हायसं वाटत होतं. त्याचा संताप मला अजून येतो. हे प्रकरण मी त्या संतापापायीच लिहायला घेतलं आहे, आणि रुक्साना आतल्या खोलीतून ओरडते आहे की सारखा राग राग करत लिहू नकोस, बीपी वाढेल.

आमचं घर निजामपुरा मोहल्ल्याला लागून असलेल्या एका गल्लीत होतं. घराची मागची भिंत आणि कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच. त्या खटाखटीत आम्ही जन्मलो, पाढे पाठ केले, तापात पडलो. फडताळातल्या वाट्या दिवसभर किणकिणत असायच्या. पाहुण्यांना आमच्याकडे झोप लागायची नाही आणि आम्हाला पाहुण्यांकडे. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत. शेजारणीला वाटायचं भांडणं चालली आहेत, आणि आई नुसतं "मीठ दे" म्हणालेली असायची. त्यामुळे आमच्याकडे एक रिवाज पडून गेला होता. नाजूक गोष्टी लाईट गेल्यावर बोलायच्या. लाईट गेली की लूम बंद पडायचे, कारागीर बाहेर ओट्यावर येऊन बिड्या शिलगावायचे, आणि माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू यायचा. दादाची नोकरी, आजोबांच्या जमिनीचा वाद, आईचं ऑपरेशन, सगळं अशा वेळी ठरलं. आई कंदील लावायची, काच पदराने पुसायची आणि विचारायची, "हं, कोणाला काही बोलायचंय का?" अण्णा नगरपालिकेत कारकून होते. ते म्हणायचे, आमच्या सभेपेक्षा हिची सभा शिस्तीत चालते.

या सभेचं हातातलं काम म्हणजे वाल सोलणं. आमच्याकडे वालाचं बिरडं आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकून परात मधे ठेवायची आणि चौघांनी भोवती बसायचं. अंगठ्याने दाबलं की डाळिंबी सालातून सुटून बाहेर येते. हात कामात आणि नजर परातीत, त्यामुळे कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. आमच्या घरात अवघड गोष्टी बोलल्या जात त्या या सोयीमुळे. वालाचा तो उग्रट वास मला अजून आला की वाटतं, आता कोणीतरी काहीतरी सांगणार.

रुक्साना माझ्याबरोबर डी.एड.ला होती. तिचं घर निजामपुऱ्यात, चार गल्ल्या पलीकडे. कोकणी मुसलमान, पिढ्यान् पिढ्या इथले, स्वतःचे लूम. घरी आमच्याहून जुनी मराठी बोलायचे आणि भांडायला हिंदी वापरायचे. तिची आई, जिला मी खाला म्हणायची, नारळाच्या दुधातलं सांदण असं करायची की मी तिथे जेवून आले की घरी उपाशी असल्याचं नाटक करायला लागायचं. रुक्साना आमच्याकडे आली की आई तिला बिरडं करून घालायची, तिच्या केसांना तेल लावून द्यायची आणि चहा मात्र वेगळ्या कपात द्यायची. त्याला आई "रुक्सानाचा कप" म्हणायची, जणू काही तो मानाचा होता. मी त्यावरून भांडले की रुक्सानाच मला गप्प करायची. "कपाचं काय घेऊन बसलीस? तेल तर हाताने लावते ना."

मला तिच्याशिवाय करमत नव्हतं. तिच्या वरच्या खोलीत पाठ टाचणं काढायच्या निमित्ताने आम्ही बसायचो, आणि एका दुपारी तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मीही सोडवून घेतला नाही. त्या वयात माझ्याजवळ त्याला शब्द नव्हता, पण गोंधळही नव्हता. आजच्या मुली सांगतात की त्यांना स्वतःला समजायलाच बराच काळ लागला. मला तेवढा वेळ लागला नाही. मला लगेच समजलं. वेळ लागला तो बाकीच्यांना.

घोळ झाला तो स्कूटरमुळे. एकदा गावात बंद होता, रिक्षा नव्हत्या, तेव्हा नासीर मला घरापर्यंत सोडून गेला. नासीर म्हणजे रुक्सानाचा मोठा भाऊ. कारखाना बघायचा, सुपारी चघळायचा, आणि "बसा, पाय नीट ठेवा" यापलीकडे माझ्याशी आयुष्यात एक वाक्य बोलला नव्हता. पण आमच्या गावाने दंगलीत जे काही पाहिलं होतं, त्यानंतर आमच्या घरातल्या मुलीने मुसलमान मुलाच्या स्कूटरवरून गल्लीत उतरणं ही साधी गोष्ट नव्हती. आई भ्यायली हे मला कळतं. ईदला खालाकडचा शीरखुर्मा तीही आवडीने प्यायची. ती माया खरी होती आणि ही भीतीही खरी होती, आणि दोन्ही एकाच बाईच्या पोटात सुखाने नांदत होत्या.

त्या दिवसापासून घरात माझ्यावर पहारा बसला. मी हसले की आई आणि दादा एकमेकांकडे बघत. दादा संध्याकाळी उगीचच नासीरच्या कारखान्यावरून चकरा मारून यायचा. आईने मंगळवार धरले आणि वज्रेश्वरीच्या देवीला नवस बोलली. काय बोलली ते मला तेव्हा माहीत नव्हतं. शिवाय माझ्यासाठी स्थळं बघायला जोरात सुरुवात झाली. ठाण्याचा एक मुलगा रविवारी मला बघायला येणार असं ठरलं, आणि मी मनाशी म्हटलं, आता सांगितलंच पाहिजे. नाहीतर मी हळद लागून उभी राहीन आणि माझं आयुष्य दुसऱ्याच कोणाच्या घरात निघून जाईल.

मी लाईट जायची वाट पाहत राहिले. गेली. कंदील लागला, परात मधे आली, चौघं बसलो. आईने सभा उघडायच्या आत दादानेच विचारलं, "निजामपुऱ्यात एवढं काय आहे गं तुझं?"

"माणूस आहे," मी म्हणाले.

सगळ्यांचे हात थांबले. "नासीर," आई म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगूनच टाकलं.

"नासीर कशाला? रुक्साना." मी एका दमात बोलत गेले. "आई, मला रुक्सानाबरोबर राहायचंय. जन्मभर. बायका नवऱ्याबरोबर राहतात तसं. मला कुठल्याही पुरुषाबद्दल तसं वाटत नाही आणि वाटणारही नाही. मला तिच्याबद्दल वाटतं. म्हणून मला लग्न करायचं नाही."

याहून उघड कसं सांगतात, मला आजही माहीत नाही. आई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणजे नासीर नाही?"

"आई, मी काय सांगतेय..."

"आधी ते सांग. नासीर नाही ना?"

"नाही!"

"वज्राईची शपथ?"

"वज्राईची शपथ! पण..."

पुढचं कोण ऐकतंय. आईने ओल्या हातांनीच देवघराच्या दिशेने नमस्कार केला आणि ती रडायला लागली. चक्क सुखाने. दादा म्हणाला, "च्यायला, आणि मी एवढे दिवस त्या बिचाऱ्याच्या मागावर!" आई डोळे पुसत म्हणाली, "नासीर नाही ना, मग झालं! रुक्साना काय, घरचीच पोर आहे. मैत्रिणी असतातच गं जिवाभावाच्या. माझीपण होती शाळेत, सुमन. आम्ही एका ताटात जेवायचो." उठून तिने देवापुढे साखर ठेवली. मी परातीसमोर तशीच बसून राहिले. आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट मी बोलले होते आणि त्यावर माझ्या हातात चिमूटभर साखरेचा प्रसाद आला होता. अण्णांनी तेवढी मान वर केली नाही. ते वाल सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी रुक्सानाला सांगितलं तेव्हा आधी तिचा चेहरा पांढरा पडला. "पागल हुई क्या तू? घरी सांगून टाकलंस?" मग पुढचं ऐकून ती खाटेवर पालथी पडून इतकी हसली की खालून खालाने विचारलं, काय झालं गो. मला हसू येत नव्हतं. "तुला गंमत वाटते?" मी म्हणाले. ती उठून बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "वैजू, तुझ्या घरी समजत नाही म्हणून तू रडतेस. आमच्या घरी समजलं तर माझं काय होईल, त्याचा विचार कर." ते खरं होतं. पण मला रविवार दिसत होता.

त्याआधी मंगळवारी नवस फेडायचा होता. नवस काय होता, तर मुलीचा नासीरचा नाद सुटला तर देवीची खणानारळाने ओटी भरीन. जो नाद कधी नव्हता तो सुटल्याबद्दल आम्ही एसटीने वज्रेश्वरीला निघालो, आणि आईने रुक्सानालाही बरोबर घेतलं. "पोरीने आपल्या वैजूला सांभाळलं, तिला नको का न्यायला?" बसमध्ये आईने आम्हा दोघींना एका बाकावर बसवलं, मधे नारळाची पिशवी दिली, आणि वाटेत दोनदा मागे वळून कौतुकाने बघितलं. मला किंचाळावंसं वाटत होतं. देवीची ओटी भरून झाल्यावर आई म्हणाली, आता कुंडावरही जाऊ, गरम पाणी अंगाला चांगलं असतं. नदीकाठच्या त्या वाफाळत्या कुंडांपाशी खरजेचे, सांधेदुखीचे असे कितीतरी लोक बसलेले होते. पायऱ्यांवर बसलेल्या एका म्हातारीने आम्हाला विचारलं, "कोनाला काय झालंय गो? आंगाला काय हाय?"

"आंगाला काय न्हाय," रुक्साना तिच्याच बोलीत म्हणाली. "हिला लगीन करायचं न्हाय."

म्हातारीने मला खालवर पाहिलं. "त्याला ह्ये पानी न्हाय चालत," ती म्हणाली आणि पाय चोळत बसली. आईसकट सगळ्या हसल्या. परतीच्या बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कितीतरी दिवसांनी ती अशी गाढ झोपली होती.

रविवारी ठाण्याचा मुलगा आला. पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं, आणि वडीलधाऱ्यांनी आम्हाला गॅलरीत बोलायला पाठवलं. मला वाटलं, हा शिकलेला माणूस आहे, याचा माझ्याशी काही संबंध नाही, याला तरी समजेल. लूम चालू होते म्हणून मी त्याच्या कानाशी जाऊन जवळजवळ ओरडून सांगितलं की माझं एका मुलीवर प्रेम आहे, तिला सोडून मी कोणाशी संसार करू शकत नाही, तर तुम्ही नकार कळवा. त्याने मान डोलावली. सभ्य होता. "लग्नानंतरही भेटत जा की त्यांना," तो ओरडला. "माझी काही हरकत नाही. माझी ताई पण तिच्या मैत्रिणीशिवाय कुठे जात नाही!" संध्याकाळी त्यांचा होकार आला. मुलगी मोकळ्या मनाची आहे, असा निरोप होता.

त्या होकाराने घरात दिवाळी झाली आणि मी नाही म्हणाले तेव्हा शिमगा. इतका चांगला मुलगा का नको? "कारण सांग," दादा म्हणायचा. मी म्हणायची, सांगितलंय. "ते कारण नाही. खरं कारण सांग." पुन्हा सांगितलं. वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, रडून सांगितलं, ताटावरून उठून सांगितलं. आई म्हणायची, "अगं, रुक्सानाला कोण तोडतंय तुझ्यापासून? ठाणं काय लांब आहे?" माझा कोणी दुस्वास केला असता तर मी लढले असते. माझी आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून मला नाहीशी करत होती, आणि तिला वाटत होतं ती माझे लाड करते आहे.

आज हे लिहिताना मला दिसतं की तिच्याजवळ हे ठेवायला जागाच नव्हती. दोन बायकांमध्ये मैत्री असते, माया असते, फार तर वेणीफणी असते. संसार पुरुषाशिवाय होतो हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. हे समजलं म्हणून माझा संताप कमी होतो असं मात्र नाही. काल्हेरला आता रुक्साना आणि मी राहतो त्या सोसायटीतही चिटणीस आमची ओळख करून देताना म्हणतात, "या दोघी निवृत्त शिक्षिका, अगदी सख्ख्या बहिणींसारख्या." मी दरवेळी दुरुस्त करते. ते दरवेळी हसून म्हणतात, हो हो, बहिणींपेक्षाही जास्त.

मग एके दिवशी आईने बाजारातून बातमी आणली की रुक्सानाला कुवेतला असलेल्या मुलाचं स्थळ आलं आहे. बातमी मला आधीच होती, रुक्साना घरी झगडत होती. आई आनंदाने म्हणाली, "बघ, तीसुद्धा करणार आता. शिक तिच्याकडून काहीतरी." आणि ती स्वयंपाकघरात गेली. दुपारची वेळ होती, लाईट नव्हती. पुढच्या खोलीत मी आणि अण्णा. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच त्यांनी विचारलं, "समजा, तिने होकार दिला. मग?"

इतक्या दिवसांत मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं.  मग मी रडले. त्याआधी हट्टाने, रागाने पुष्कळ रडले होते, हे तसं नव्हतं.  मी जमिनीवर बसले आणि माझ्या घशातून जो आवाज येत होता तो मलाच ओळखू येत नव्हता.

अण्णांनी पेपर ठेवला. ते माझ्याकडे वळून बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादाच्या जन्माच्या वेळी तुझी आई जाते की राहते असं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आशा धरू नका. तेव्हा मी हॉस्पिटलच्या मागे जाऊन असा रडलो होतो."

मला वाटलं, आता ते माझ्या पाठीवर हात ठेवतील. त्यांचा हात थोडा पुढे आलाही होता. तो त्यांनी मागे घेतला आणि त्यांचा चेहरा बंद झाला. माझ्या वडिलांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"उद्यापासून ती मुलगी या घरात येणार नाही," ते म्हणाले. "आणि तुला तिच्याकडे जायचं असेल तर आजच जा. परत येऊ नकोस."

आवाज ऐकून आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अहो, हे काय भलतंच! वैजू, तूपण ना, एका मैत्रिणीपायी घरात केवढा तमाशा करतेस. आणि तुम्ही कधीपासून असे झालात? मैत्रीण आहे ती तिची. नासीर असता तर गोष्ट वेगळी."

"मालती," अण्णा म्हणाले, "मैत्रीण नाही ती."

"मग कोण?"

अण्णांना सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि कपाळावरचा घाम पुसला. "तू माझी जी आहेस ना," ते म्हणाले, "ती तिची ती आहे."

आई माझ्याकडे बघायला लागली. जन्मल्यापासून तिने मला पाहिलं होतं, पण त्या नजरेने कधी नाही. ती भिंतीला धरून खाली बसली. मला घराबाहेर काढलं जात होतं, कुठे जाणार ते माहीत नव्हतं, रुक्सानाला तिच्या घरातून निघता येईल की नाही तेही माहीत नव्हतं.  तरीही माझ्या छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखं मला वाटलं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

"अहो, एवढंच तर मी सांगत होते," मी म्हणाले आणि चपला घातल्या.